चतुराबाईचा ओटा

फुलंब्रीहून शहराकडं निघालं की वाटेत एक फाटा लागतो. त्या फाट्यानं आत वळलं की समोर डोंगर, डोंगराला खेटून काळ्या दगडाची खदान, आणि खदानीखाली दगडपिंपरी. गावात शिरताना पहिलं घर चतुराबाईचं. घराला रस्त्याच्या अंगानं लांबलचक ओटा, शहाबादी फरशीचा. सकाळच्या भाकरी झाल्या की दिवेलागणीपर्यंत चतुराबाई त्या ओट्यावर. गावातून कुणी बाहेर निघो नाहीतर बाहेरून कुणी आत येवो, त्याला चतुराबाईच्या नजरेखालून जावंच लागे. सरकारनं जकात नाके कधीच उठवले, पण दगडपिंपरीचा हा नाका चालू होता.

"कुणीकडं गं?" एवढंच ती विचारायची. विचारलेली बाई आधी उभी राहायची, मग टेकायची, मग चहा यायचा, आणि चहा संपेपर्यंत कुणाची सून कशापायी माहेरी गेली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाच्या पोरीला बघायला करमाडचे पाहुणे येणार, हे सगळं ओट्यावर जमा झालेलं असायचं. चतुराबाई स्वतः मात्र कुणाच्या दारात जात नसे. लग्न नाहीतर मयत, एवढ्यालाच. "आपुन कुणाचा उंबरा झिजवत नसतो," असं ती सांगायची, तेही मान जराशी वर करून. लोक आपल्याकडं येतात, आपण जात नाही, यावर तिचा सगळा डौल उभा होता. नवरा सांडू शेतीत रमलेला माणूस. बोलायचा कमी, पण बोलला की नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवायचा.

आता खदानीचं. आधीचा ठेकेदार कुणाला विचारत नव्हता की सांगत नव्हता. मनात आलं की सुरुंगाचा बार. एकदा दगड उडून एकाच्या पत्र्यावर पडला, तेव्हा गावानं खडीच्या गाड्या रस्त्यात अडवल्या, ठेकेदार पळाला आणि खदान बंद पडली. मग एका नव्या कंपनीनं ती घेतली. कंपनी शहाणी निघाली. तिनं आधी मशीन पाठवलं नाही, बाई पाठवली.

बाईचं नाव विशाखा. राहायला शहरात, उस्मानपुऱ्यात. पांढऱ्या जीपमधून यायची, पायात साध्या चपला, तोंडात सारखं "मावशी". गावाशी बोलायचं, गावाचं ऐकायचं, गाव राजी राहील असं बघायचं, हीच तिची नोकरी. पहिल्या दिवशी जीप गावात शिरली आणि साहजिकच पहिल्या ओट्याशी थांबली.

"मावशी, पाणी मिळेल का?"

त्या एका तांब्यानं चतुराबाई कंपनीची झाली. विशाखा मॅडम आठवड्यातून दोनदा तरी यायच्या, ओट्यावर मांडी घालून बसायच्या, चहाला कधी नाही म्हणायच्या नाहीत. चतुराबाईनं त्यांना अख्खं गाव सांगून टाकलं. कोण कुणाच्या भावकीतला, कुणाचं कुणाशी वाकडं, कुणाला आधी विचारलं नाही तर तो रुसतो. मॅडम मान हलवत ऐकायच्या. मॅडम गेल्या की चतुराबाई उरलेल्या बायकांना सांगायची, "मॅडमचं माझ्याबिगर पान हलत नाय."

"कंपनी बंद पडती का काय तू नसली तर?" सांडू बैल सोडता सोडता विचारायचा.

"तुमी गप बसा. तुमाला काय कळतंय कंपनीतलं."

एक दिवस मॅडमनी सांगितलं की कंपनी गावातलीच एक बाई नेमणार. बार कधी होणार ते तिनं आदल्या दिवशी घरोघर सांगायचं, आणि लोकांची काय गाऱ्हाणी असतील ती कंपनीपर्यंत आणायची. तिला जाकीट मिळणार, गळ्यात फोटोचं कार्ड मिळणार. "गावाचा जिच्यावर विश्वास आहे, अशी बाई हवी," मॅडम म्हणाल्या आणि चतुराबाईकडं बघून हसल्या. निदान चतुराबाईला तरी ते हसणं आपल्याकडं बघूनच वाटलं.

शाळेपुढच्या पटांगणात बैठक ठरली. चतुराबाईनं मुलाच्या लग्नातलं जांभळं लुगडं काढलं. तिची सून श्रेया, मांडीवर चार महिन्यांचं बाळ घेऊन बसलेली, म्हणाली, "आत्याबाई, एवढं भारी कशाला?" चतुराबाई म्हणाली, "फोटो काढतेत त्ये लोक." आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

मॅडमनी नाव वाचलं. जाहेदाभाभी.

जाहेदा म्हणजे गावची मन्यारीण. नवरा जब्बार आठवडी बाजार करायचा आणि ही डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावात, वाड्यावस्त्यांवर, डोंगराच्या अंगाला असलेल्या भिलांच्या वस्तीपर्यंत फिरायची. चतुराबाई आणि ती एकाच वर्षी नवऱ्या होऊन या गावात आल्या. तेव्हापासून चतुराबाईच्या हातात जाहेदाशिवाय दुसऱ्या कुणी बांगडी भरली नव्हती. सगळी गल्ली फिरून झाली की जाहेदा ओट्यावर पेटी टेकवायची, पाणी प्यायची आणि "आक्का, हात इकडं करा" म्हणायची. तिची एक रीत होती. जितक्या बांगड्यांचे पैसे घेतले, त्यावर एक बांगडी ती फुकट चढवायची. "ही दुवेची," म्हणायची, "सुहाग सलामत." मग बांगड्या भरलेली बाई, लहान असो की थोर, तिच्यापुढं डोकं वाकवायची. दुवेची बांगडी न मिळालेली एकही बाई गावात नव्हती.

तर ही जाहेदा. पटांगणात बायकांनी टाळ्या वाजवल्या. जाहेदानं तोंडाला पदर लावला आणि वळून पहिल्यांदा चतुराबाईकडंच बघितलं, लाजून, आनंदानं. चतुराबाई हसली. आणि घरी येऊन उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायली.

"जिला आपुन पाणी पाजलं," ती सांडूला म्हणाली, "ती आता कंपनीची बाई!"

"पाणी तू समद्यांनाच पाजती," सांडू म्हणाला. "त्यात काय."

खरं दुखणं जाकिटाचं नव्हतं. दुखणं जीपचं होतं. दुसऱ्या आठवड्यात जीप आली, ओट्यासमोर हळू झाली. चतुराबाईनं पदर सावरला, आत बघून श्रेयाला चहा ठेवायला सांगितलं. मॅडमनी काचेतून हात केला, "काय मावशी, बरंय ना?" आणि जीप पुढं जाऊन मन्यार गल्लीत वळली. श्रेया चहा घेऊन आली तेव्हा ओट्यावर कुणीच नव्हतं. तो चहा चतुराबाईनं स्वतः प्यायला, गार झाल्यावर. त्याच दिवशी ओट्यावर आलेल्या एकीकडून तिच्या कानावर पडलं, मॅडम जाहेदालाही "मावशी"च म्हणत होत्या.

बरं, जाहेदा कामात कमी पडती तरी चतुराबाईला गार वाटलं असतं. पण ती बया कामाची निघाली. बांगड्या भरायला घरोघर जायचीच, तिथंच बार कधी ते सांगायची आणि तिथंच बायकांचं ऐकायची. महिनाभरात कंपनीनं बार सकाळी अकराला बांधून दिला, पोरं शाळेत असतात तेव्हा. खडीच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर फिरायला लागला. आणि एक गोष्ट तर अशी झाली की तिचं नाव तालुक्यापर्यंत गेलं. भिलांच्या वस्तीतल्या बायका खदानीच्या वरच्या अंगाला एका शेंदऱ्या दगडाला दर वर्षी नैवेद्य दाखवायच्या. आधीच्या ठेकेदाराला कुणी ते सांगितलंच नव्हतं, सांगून काय होणार म्हणून. जाहेदाला सांगितलं, बांगड्या भरताना. कंपनीनं तेवढा तुकडा सोडला, भोवती तारेचं कुंपण केलं, आणि वस्तीतल्या बायकांना वर जायला पायवाट करून दिली.

मॅडम त्या दिवशी ओट्याशी थांबल्या होत्या, मिनिटभर. "मावशी, तुम्ही या देवाचं कधी बोलला नाहीत?"

 चतुराबाई त्या वस्तीवर जन्मात गेली नव्हती. तिला दगडपिंपरीचं सगळं ठाऊक होतं, पण फक्त जे ओट्यापर्यंत चालत आलं तेवढं. हे तिला त्या क्षणी कळलं आणि कळलं म्हणूनच राग जास्त आला. राग स्वतःचा यायला हवा होता, तो आला जाहेदाचा.

मग तिनं जे केलं ते तिला फार सोपं गेलं. त्यासाठी ओट्यावरून उठावंही लागलं नाही.

"जाहेदा आली व्हती का गं तुझ्याकडं?" ती बायकांना विचारायची. बाई हो म्हणायची. मग चतुराबाई जराशी थांबायची, सुपातलं निवडता निवडता. "बोलताना जपून बोल बाई. आता ती आपली ऱ्हायली नाय. कोन कंपनीवर नाराज हाय, कोन गाड्या आडवायच्या गोष्टी करतंय, समदं मॅडमच्या कानात जातंय. उद्या तुझ्या पोराला खदानीवर काम मागायला गेली तर म्हनू नको मी सांगितलं नव्हतं."

असं तिनं फार जणींना सांगितलं नाही. फार जणींना सांगायची गरजच नसते. पंधरवड्यात जाहेदाला दारातूनच उत्तरं यायला लागली. "आत्ता नको भाभी, सणाला बघू." "हात रिकामा न्हाय, शेणात हाय." ज्या घरात ती चुलीपर्यंत जायची तिथं उंबऱ्यात उभी राहून बार कधी ते सांगून परत फिरायला लागली. पेटी सकाळी जेवढी जड, संध्याकाळीही तेवढीच.

शेवटी ती ओट्यावर आली. पेटी डोक्यावरून उतरवली नाही.

"आक्का, गावात काय चाललंय? बायका माझ्याशी बोलायला तयार नाहीत."

"मला काय म्हाईत बाई," चतुराबाई म्हणाली. "मी कुठं घरातनं भाईर पडती?"

जाहेदानं तिच्याकडं बघितलं. तिच्या हातांकडंही बघितलं तिनं. बांगड्या जुन्या झाल्या होत्या, एका हातातल्या दोन वाढल्या होत्या. एरवी तिनं लगेच पेटी उघडली असती.

"हौ आक्का," ती म्हणाली. "तुम्ही कुठं बाहेर पडता." आणि गेली.

त्या आठवड्यात चतुराबाई मुलाबरोबर शहरात गेली आणि दुकानातून काचेच्या बांगड्या आणल्या. दुकानदारानं माप नजरेनंच काढलं. घरी येईपर्यंत कळलं की त्या सैल आहेत, भाकरी थापताना मनगटावरून पंजापर्यंत घसरतात. पण तिनं त्या काढल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात जाहेदानं जाकीट घडी करून मॅडमना परत दिलं. "बाई, मला बांगड्याच भरू द्या," एवढंच म्हणाली, कारण सांगितलं नाही. आणि जीप ओट्याशी येऊन थांबली. मॅडम उतरल्या, मांडी घालून बसल्या. "मावशी, गाव तुमचं ऐकतं. तुम्हीच घ्या आता."

चतुराबाईनं तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा व्हय म्हटलं.

जाकीट पोपटी रंगाचं होतं, चमकत्या पट्ट्यांचं. चतुराबाई ते ओट्यावर बसतानाही घालायची. कार्डावरच्या फोटोत ती डोळे वटारल्यासारखी आली होती, सांडू म्हणायचा, "फोटो मात्र हुबेहूब आलाय." तिला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. मन्यार गल्लीवरून जाताना ती मुद्दाम हळू चालायची.

कारण आता चालावं लागत होतं. घरोघर जायचं काम होतं. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाचा उंबरा झिजवला नाही, ती आता दार वाजवत फिरायला लागली. आणि तिचा थाट तिच्याही आधी घरात पोचायचा. चतुराबाई आल्या म्हटलं की बाई गडबडून पदर घ्यायची, पोराला खुर्ची आणायला लावायची, चहा टाकायची.

"काय गाऱ्हानं?"

"काही नाही हो. समदं ठीक हाय."

"धुळीचं काय?"

"धूळ काय, असतीच की."

प्रत्येक घरात असंच. चतुराबाईला आधी बरं वाटलं. बघा, आपल्या वेळी गाव कसं सुखी! मॅडम विचारायच्या, ती सांगायची, "काई तक्रार नाय." दुसऱ्या महिन्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. एकदा मॅडम ओट्यावर बसल्या असताना श्रेया बाळाला थोपटत दारात आली आणि म्हणाली, "मॅडम, बार झाला की बाळ..." चतुराबाईनं तिला तिथंच तोडलं. "लेकरं दचकतच असतेत. आपल्या घरातनंच गाऱ्हानं निघालं तर लोक काय म्हनतील? कंपनीचं नाव खराब व्हतंय." श्रेया आत गेली.

गावात तक्रार नाही, असं वर गेलं की वरची माणसं काय करणार? त्यांनी पहिल्या महिन्यानंतरच टँकर दुसऱ्या खदानीवर नेला, तिकडं ओरड होती म्हणून. अकराच्या बाराला मशीन अडकून पडतं म्हणून बार दुपारी दोनला नेला. इथं काही अडचण नाही, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. कुणी सांगितलं होतं, ते आपल्याला माहीतच आहे.

धूळ पुन्हा भाजीवर बसायला लागली. दोनला बार झाला की भांडी मांडणीवरून हलायची. तरी चतुराबाई चहाला जाई त्या घरात "समदं ठीक हाय" चालूच होतं. आणि ओटा? ओट्यावर बसणाऱ्या बायका आता रस्त्यानं सरळ जायला लागल्या होत्या. "कुणीकडं गं?" विचारलं तर "हितंच" म्हणायच्या आणि पाय उचलायच्या. एक दिवस दोघी जणी बोलत येत होत्या, ओटा दिसला तशा गप्प झाल्या. त्यांच्यातली एक पुढं गेल्यावर हळूच म्हणाली, तरी चतुराबाईला ऐकू आलं. "जपून बोल. समदं मॅडमच्या कानात जातंय."

ते शब्द तिचेच होते. तिनंच सुपातलं निवडत तयार केलेले, जाहेदाच्या मापाचे. ते तिला इतके नेमके बसले की अंगाची लाही झाली.

आणि बायका जात कुठं होत्या? मन्यार गल्लीत. जाहेदाच्या दारातल्या लिंबाखाली. आता तिच्या अंगावर जाकीट नव्हतं, तेव्हा तिच्याशी बोलायला कुणाची हरकत नव्हती. चतुराबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघायची. कुणीतरी हात पुढं करून बसलेली असायची, बाकीच्या भोवती, आणि सगळ्यांची तोंडं एकदम चालू असायची. कंपनीनं जाकीट दिलं, कार्ड दिलं, खुर्च्या मिळाल्या, चहा मिळाला, आणि हिच्याकडं काय, एक पत्र्याची पेटी! तरी तिचा जळफळाट होतच होता.

मग एका सकाळी टँकर आला. रस्ताभर पाणी मारत गेला. त्याच दिवशी निरोप आला की बार उद्यापासून पुन्हा अकराला. चतुराबाई हरखली. दुपारी जीप येताच ती रस्त्यात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, लई बरं केलं. मी म्हननारच व्हते तुमाला."

विशाखा मॅडम जीपमधून उतरल्या. आज बसल्या नाहीत.

"मावशी, जाहेदामावशी आल्या होत्या ऑफिसात. एसटीनं आल्या, सोबत दहा-बारा बायका घेऊन. बाराचा हादरा माझ्याही घराला बसतो ना, म्हणाल्या. धुळीचं बोलल्या, दुपारच्या सुरुंगाचं बोलल्या. तुमचं नातवंड दुपारच्या झोपेत सुरुंगाच्या आवाजानं दचकून काळंनिळं होतं, दूध प्यायचं सोडतं, हे पण त्यांनीच सांगितलं." त्यांनी घराच्या दाराकडं बघितलं. "तुमच्याच घरातलं बाळ, मावशी. मी तुम्हाला दर महिन्याला विचारत होते."

 जीप पुढं गेली, आणि ती कुठं वळणार हे बघायला चतुराबाईनं मानही वळवली नाही.

श्रेया मागच्या दारी बाळाचे कपडे वाळत घालत होती. हातात नव्या हिरव्या बांगड्या.

"तू सांगितलंस तिला?"

श्रेयानं कपडा झटकला. "बांगड्या भरायला गेले व्हते आत्याबाई. भरता भरता निघून गेलं तोंडातून."

"आन मला? मला कामून नाय सांगितलं?"

"तुमाला सांगत व्हते की," श्रेया म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच चतुराबाईला जास्त लागलं. "मॅडमसमोर सांगत व्हते. तुमीच आत पाठवलं मला."

चतुराबाईनं जाकीट काढून खुंटीला अडकवलं. सांडू जेवत होता. त्यानं खुंटीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुखऱ्या जागी बोट न ठेवता नुसती भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी अकराचा बार होऊन गेला. बाळ त्या वेळी जागं होतं, श्रेयाच्या कडेवर, तिच्या बांगड्यांशी खेळत. आवाज झाला, त्यानं वर बघितलं आणि पुन्हा बांगडी तोंडात घातली. चतुराबाईनं चपला पायात सरकवल्या आणि मन्यार गल्लीत गेली. लग्न नव्हतं, मयत नव्हती, कंपनीचं कामही नव्हतं. लिंबाखाली जाहेदा एकटीच पेटी आवरत बसली होती.

"बांगड्या भरायच्या व्हत्या," चतुराबाई म्हणाली.

जाहेदानं "या" म्हटलं. बसायला गोणपाट सरकवलं. दुकानातल्या सैल बांगड्या तिनं एकेक करून उतरवल्या, बाजूला ठेवल्या, त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही. मग तिनं चतुराबाईचा पंजा हातात घेतला आणि दाबायला लागली, हाडं एकमेकांजवळ येईपर्यंत, अंगठा आत दुमडून. बांगडी सरकली. दुसरी सरकली. तिचा हात ऊन होता, मऊ होता. बाईचा हात असा दुसऱ्या बाईच्या हातात पाव तास राहिला की तिला उठून जाता येत नाही, हाताला काम नसतं, नजर लपवायला जागा नसते. मग ती बोलते. चतुराबाईला वाटलं होतं की ही बया गोड बोलून बायकांचं काढून घेते. जाहेदा तर काहीच बोलत नव्हती.

चतुराबाईच बोलायला लागली. धुळीनं सांडूला खोकला झालाय. मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेलाय, मॅडमना सांगायची लाज वाटली. श्रेया आता तिच्याशी कामापुरतंच बोलते. ओट्यावर कुणी टेकत नाही, दिवस खायला उठतो. "मी लई वाईट बोलले तुझ्यामागं," असंही ओठांवर आलं, पण तेवढंच नेमकं बाहेर आलं नाही.

जाहेदा ऐकत होती. अधूनमधून "हौ" म्हणत होती. सगळ्यांचं ऐकायची तसंच, कमी नाही, जास्त नाही. दोन्ही हात भरून झाले. बांगड्या मनगटावर अशा बसल्या की मधून बोट जाऊ नये आणि कुठं रुतूही नये. चतुराबाईनं सवयीनं डावा हात तसाच पुढं ठेवला. एवढ्या वर्षांची सवय होती ती.

जाहेदानं पेटीचं झाकण लावलं.

"झाल्या आक्का," ती म्हणाली.

चतुराबाईनं हात आणखी थोडा वेळ पुढं ठेवला, मग मागं घेतला. पैसे दिले. डोकं वाकवावं की नाही ते तिला कळेना, तरी वाकवलं. जाहेदा "सलामत राहा" म्हणाली, पण ते कुणालाही म्हणतात तसं.

ती गल्लीच्या तोंडाशी आली तोवर समोरून निशा आली, शेजारच्या घरात नुकती नांदायला आलेली पोर, अजून गावात कुणाला धड ओळखत नव्हती. "भाभी, माझ्या पण भरता का?" म्हणत ती त्याच गोणपाटावर बसली. पेटी पुन्हा उघडली. चतुराबाईला घरी जायचं होतं, पण पाय हलेनात. ती घराच्या कोपऱ्याआड उभी राहून बघत राहिली. पोरीचे हात भरून झाले. पैसे झाले. मग जाहेदानं पेटीतून आणखी एक हिरवी बांगडी काढली, उन्हात धरून कुठं चिरली नाही ना ते बघितलं आणि पोरीच्या हातात चढवली.

"ही दुवेची," ती म्हणाली.

ओटा गेला होता, जीप गेली होती, सून दुरावली होती. पण त्या भरल्या दुपारी, स्वतःचे दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले असताना, चतुराबाईला त्या परक्या पोरीच्या हातातल्या एका काचेच्या बांगडीचा इतका हेवा वाटला की तिला तिथंच रडू आलं.